एका बिटावरचा लेहरा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मामांच्या माळ्यावर डीबी स्पेक्ट्रम प्लस नावाचा जुना काळा संगणक सापडला. मामा तबला वाजवतात, आणि त्यांच्या पंचाहत्तरीला याच यंत्रावर चंद्रकंस रागाचा लेहरा, म्हणजे तबल्याला लय धरून देणारी फिरती धून, वाजवून त्यांना साथीला बसवायचा भाच्याचा बेत आहे. बेसिक या त्याच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतला ‘बीप’ हा हुकूम एका वेळी एकच सूर काढतो. इंटरनेटवर मात्र हेच यंत्र दोन, तीन, अगदी आठ सूर आणि वर ढोलकीसारखे ठोके काढताना ऐकू येतं. ते खरं की बनाव? आणि लेहऱ्यासाठी कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं?

मी पोटापाण्यासाठी मायक्रोकंट्रोलरचे प्रोग्रॅम लिहितो आणि हौसेने पेटी वाजवतो. स्पेक्ट्रमच्या नादाला लागून बरीच वर्षं झाली, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगता येईल. एक मात्र आधीच सांगतो. तुम्ही एक प्रश्न विचारलाय, पण त्यात दोन लपलेत. एका वेळी किती सूर, हा एक. आणि जो सूर निघेल तो मामांच्या कानाला चालेल का, हा दुसरा. पहिल्याची उत्तरं सगळे देतात. तबलजीसमोर तुमची फजिती झालीच, तर ती दुसऱ्यापायी होईल.

आधी यंत्र समजून घेऊ. सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम इंग्लंडात एप्रिल 1982 मध्ये आला. डेसिबेल्स कंपनीने 1986 मध्ये परवाना घेऊन तो भारतात डीबी स्पेक्ट्रम प्लस म्हणून विकला. प्लस म्हणजे आतून तोच 48 केचा (48 किलोबाइट मेमरीचा) स्पेक्ट्रम, रबरी बटणांऐवजी जरा बरा कीबोर्ड. आवाजासाठी वेगळी चिप त्यात नाही. त्याच काळातल्या कमोडोर 64 मध्ये तीन आवाजांची सिड चिप होती. स्पेक्ट्रममध्ये एक छोटासा स्पीकर आहे आणि त्याला जोडलेला एकच बिट. बिट एक केला की पडदा एका बाजूला, शून्य केला की दुसऱ्या बाजूला. आवाज लहान-मोठा करायची सोय नाही, सूर धरून ठेवायची सोय नाही. विजेचं बटण आहे म्हणा ना.

हे स्वतः करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. 254 हा पोर्ट, म्हणजे प्रोसेसरची बाहेरच्या भागांशी बोलायची खिडकी. त्याच्या खालच्या तीन बिटांत टीव्हीच्या पडद्याच्या कडेचा रंग असतो आणि 16 किमतीच्या बिटावर स्पीकर. बेसिकमध्ये एकाच ओळीत ‘आउट 254,23’, मग ‘आउट 254,7’, मग परत त्याच ओळीवर ‘गो टू’ असं लिहा. स्पीकरमधून घरघर येईल. 7 हा पांढऱ्या कडेचा रंग. तो न मिळवता नुसतं 16 आणि 0 दिलंत तर कड काळी होते, आणि नवशिक्याला वाटतं काहीतरी जळलं. ही घरघर इतकी खालची का? कारण बेसिक संथ आहे, ते बटण पुरेशा वेगाने खाली-वर करू शकत नाही. हेच काम मशीन कोडमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या स्वतःच्या भाषेत, केलं की प्रोसेसरच्या 35 लाख टिकटिकी प्रति सेकंद तुमच्या हातात येतात. मधला सा हवा असेल तर सेकंदाला सुमारे 262 वेळा बटण खाली-वर करायचं. या यंत्रात सूर स्पीकर काढत नाही, प्रोसेसर मोजून काढतो. बाकीचं सगळं या एका गोष्टीतून निघतं.

आता दोन सूर एकदम कसे? दोन मोजण्या एकाच वेळी चालू ठेवायच्या. पहिल्या सुराची मोजणी सांगते ‘आत्ता वर’, दुसऱ्याची सांगते ‘आत्ता खाली’. प्रोसेसर आधी पहिलीचं ऐकतो, क्षणभराने दुसरीचं, पुन्हा पहिलीचं. ही आलटून-पालटून चाल कानाला कळणार नाही इतकी जलद असली, की स्पीकरचा जड पडदा तिची सरासरी काढतो आणि आपल्याला दोन सूर वेगळे ऐकू येतात. दुसरी रीत अशी, की प्रत्येक मोजणी संपली की बटणाला फक्त एक बारीक टिचकी द्यायची आणि सोडून द्यायचं. टिचक्या इतक्या अरुंद असतात की दोन सुरांच्या टिचक्या एकमेकींवर क्वचितच पडतात. या रीतीचा आवाज किनरा असतो. पण टिचकीची रुंदी कमी-जास्त करून आवाजही लहान-मोठा करता येतो, आणि एका बिटाच्या यंत्राकडून तेवढं मिळालं तर आणखी काय हवं.

त्यामुळे तुम्ही ऐकलेलं बहुतेक खरं आहे. तरी एक खूण सांगतो. सुरांचा गुच्छ वाजतोय आणि त्याच वेळी पडद्यावर चित्रं सुरळीत हलतायत, तर तो बहुधा 128 केचा स्पेक्ट्रम आहे. त्यात एवाय-3-8912 नावाची आवाजाची वेगळी चिप असते. 48 केच्या यंत्रावर सूर मोजतानाच प्रोसेसरची दमछाक होते, चित्रं हलवायला त्याला उसंत नसते. म्हणून जुन्या खेळांत जोरदार संगीत सुरुवातीच्या पडद्यावर असायचं आणि खेळ सुरू झाला की नुसती टकटक. 1983 च्या ‘मॅनिक मायनर’मध्ये खेळ चालू असतानाही धून वाजते, पण नीट ऐका. तुकडा वाजतो, चित्र हलतं, पुन्हा तुकडा. दोघे एकच सायकल वापरत असल्यासारखं.

या कलेत ज्याचं नाव आदराने घेतलं जातं तो टिम फॉलिन. विशीही न गाठलेल्या या मुलाने 1986 मध्ये ‘एजंट एक्स’ आणि 1987 मध्ये ‘क्रॉनॉस’ या खेळांसाठी जे केलं, ते ऐकून आजही प्रोग्रॅमर मंडळी यंत्राचं झाकण उघडून बघतात, आत आणखी काही दडवलंय का म्हणून. तो टिचकीवाल्या घराण्याचा. सामान्य माणसाला हाताळता येईल असं सॉफ्टवेअर त्याआधीच आलं होतं. 1985 मध्ये मेलबर्न हाऊसने ‘व्हॅम! द म्युझिक बॉक्स’ काढलं. तेव्हाच्या गाजलेल्या पॉप जोडीचं नाव लावून विकलेला हा प्रोग्रॅम म्हणजे प्रत्यक्षात दोन सुरांचा आणि ठोक्यांचा संपादक होता. वेष्टनावर गायकांची छबी आणि आत तासन्‌तास सूर टिपण्याची हमाली! पोस्टर बघून घेणाऱ्या पोरांची काय निराशा झाली असेल. पण चिकाटीने बसणाऱ्याला खजिना मिळाला.

आज हे सगळं स्पेक्ट्रमवरच बसून करायची गरज नाही. विंडोजवर चालणारा ‘बीपोला’ नावाचा प्रोग्रॅम आहे. त्यात सूर टिपायचे, वाजवणारं इंजिन निवडायचं आणि कॅसेटची फाइल काढून यंत्रात भरायची. शिरू या टोपणनावाने लिहिणाऱ्या प्रोग्रॅमरचं ‘वनट्रॅकर’ही त्याच कामाचं. त्याने तीन सुरांचं ‘ट्रायटोन’ आणि आठ सुरांचं ‘ऑक्टोड’ अशी इंजिनंही लिहिली.

आठ सूर फुकट मिळत नाहीत, बरं का. जितक्या मोजण्या, तितका त्या सगळ्यांवरून जाणारा फेरा लांब. एक फेरा 224 टिकटिकींचा झाला की सेकंदाला 15,625 फेरे होतात, आणि त्या फेऱ्यांचीच शिट्टी होऊन ती तरुण कानांना ऐकू येते. फेरा आणखी लांबला की शिट्टी खाली उतरते आणि मामांनाही ऐकू येईल. शिवाय ऐनवेळी सूर थरथरतो त्याचं कारण वेगळंच असतं. 16384 ते 32767 या पत्त्यांवरची मेमरी प्रोसेसर आणि चित्र काढणारी चिप वाटून घेतात. तुमचं इंजिन तिथे बसलं तर चित्र काढायच्या वेळी त्याला रांगेत थांबावं लागतं. मोजणी चुकते आणि सूर किरकिरतो. म्हणून इंजिन नेहमी 32768 च्या वर ठेवायचं. कोणी ‘माझं स्पेक्ट्रम बेसूर आहे’ म्हणालं की मी आधी पत्ता विचारतो.

इथपर्यंत पहिला प्रश्न झाला: अनेक सूर खरे आहेत, ते प्रोसेसरचा सगळा वेळ खातात, आणि सूर वाढवाल तसा आवाज खरवडतो. आता दुसरा, आणि माझ्या मते तुमचा खरा प्रश्न.

ही बहुतेक इंजिनं आणि संपादक पाश्चात्त्य सप्तकाच्या बारा समान भागांवर बेतलेली आहेत. म्हणजे पेटीसारखी. पेटीवरचा रोष जुना आहे. आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत तिला दूर ठेवलं, आणि डॉ. विद्याधर ओक यांनी 22 श्रुतींची (सप्तकातल्या बारीक स्वरस्थानांची) पेटी केली तीही याच दुखण्यावर. तरी पेटीला निदान भाता आहे, दाब आहे, वाजवणाऱ्याचा हात आहे. बिटाला त्यातलं काही नाही. तो सूर दाखवतो तो उघडानागडा, त्यामुळे जरासा हललेला गंधारही टोचतो. जुन्या इंजिनांत तर आणखी एक गोम असते. सुराची मोजणी 255 च्या आतल्या आकड्यात बसवलेली. खालच्या सुरांना हरकत नाही. पण वरच्या सुराची मोजणी 20 असेल तर त्याच्या शेजारचा सूर 21, आणि त्या दोघांत जवळजवळ अर्ध्या सुराचं अंतर. मधलं काही काढताच येत नाही. अशा इंजिनावर तार सप्तकात लेहरा घ्याल तर मामा हात थांबवून तुमच्याकडे बघतील.

गंमत अशी, की ज्याला सगळे बाळबोध म्हणून हसतात तो बेसिकचा बीप इथे या सगळ्यांना मागे टाकतो. बीपला दोन आकडे द्यायचे: किती सेकंद, आणि मधल्या सी-पासून किती अर्धसूर वर. हा दुसरा आकडा अपूर्णांक चालतो! 1982 च्या मूळ मॅन्युअलमध्ये बीपच्या प्रकरणात भारतीय संगीताचा नाव घेऊन उल्लेख आहे. त्यात अर्धसुराहून लहान अंतरं लागतात आणि ती अपूर्णांक देऊन वाजवता येतात, असं तिथे म्हटलंय. केंब्रिजमधल्या एका कंपनीच्या खेळण्यावजा संगणकाच्या पुस्तकात हे वाचलं तेव्हा मी पेटी बंद करून आधी तेच करून पाहिलं होतं.

तुम्ही चंद्रकंस म्हणालात. लेहऱ्याला चांगली निवड, तबलजींच्या कानात तो पक्का बसलेला असतो. मधला सी म्हणजे आपली पांढरी एक, तो 0. सा 0, कोमल ग 3.16, म 4.98, कोमल ध 8.14, नि 10.88, वरचा सा 12. पेटीवर हेच सूर 3, 5, 8 आणि 11 असतात. आता एकामागून एक एक-एक सेकंद तीन बीप वाजवा: 2.94, 3, 3.16. आधी सा वाजवा म्हणजे कानाला टेकू मिळेल. तिन्ही कोमल गंधारच, पण पहिला खाली मान घालून बसल्यासारखा, शेवटचा डोळे उघडलेला. यातला कोणता मामांना हवा ते मी सांगणार नाही, घराण्याघराण्यात मत बदलतं. त्यांनाच ऐकवून विचारा. तबला काळी एकमध्ये लावलेला असेल तर सगळ्या आकड्यांत 1 मिळवा. काळी पाच असेल आणि तो खालच्या अंगाचा हवा असेल तर 2 वजा करा. पट्टी बदलण्याचं काम इतकं स्वस्त कुठल्याच वाद्यावर नाही.

बीपचे दोष आहेत, ते लपवत नाही. एक, तो वाजत असताना यंत्र दुसरं काहीही करत नाही. लेहऱ्याला ते चालतं. दोन, दर दोन सुरांमध्ये किंचित फट पडते, कारण बेसिक पुढच्या सुराचं गणित तेव्हा मांडत असतं. त्यामुळे मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, काढता येत नाही. बारीक पायऱ्यांनी केलीत तर मींड नाही, जिना ऐकू येतो. तीन, त्या फटींनी लय खाली येते. तीनतालाच्या सोळा मात्रा अर्ध्या-अर्ध्या सेकंदाच्या धरल्या तर दहा आवर्तनांना 80 सेकंद लागायला हवेत, प्रत्यक्षात जास्त लागतात. घड्याळ लावून दहा आवर्तनं मोजा. 80 वर जितके सेकंद गेले त्याला 160 ने भागा आणि तेवढा वेळ प्रत्येक मात्रेतून वजा करा. मी हे केलं नव्हतं तेव्हा माझ्या तबलजी मित्राने तिसऱ्या आवर्तनाला विचारलं, ‘तुझं यंत्र चहा प्यायला जातं का मध्येमध्ये?’

फट जवळजवळ घालवायची असेल तर एक पायरी पुढे जा. बीप ज्याला हाक मारतो ते वाजवण्याचं छोटं काम रॉममध्ये, म्हणजे यंत्राच्या कायमच्या मेमरीत, 949 या पत्त्यावर आहे. त्याला थेट बोलावता येतं. प्रोसेसरच्या दोन कप्प्यांत दोन आकडे द्यायचे: एचएलमध्ये उंची, डीईमध्ये किती कंप. उंचीचा हिशेब असा: 437500 ला सुराच्या कंपसंख्येने भागायचं आणि 30.125 वजा करायचं. मधल्या सा-साठी उत्तर 1642. आपल्या 3.16 च्या गंधारासाठी 1363, पेटीच्या गंधारासाठी 1376. म्हणजे या दोन गंधारांमध्ये तेरा घरं आहेत, तेराही वाजवता येतात. एवढी बारीक जागा मला पेटीवर कधी मिळाली नाही. हे सगळे आकडे आधी काढून तक्ता करून ठेवायचा, मग वाजवताना गणित उरत नाही. मात्र वरवर गेलात की घरं कमी होतात. दोन सप्तकं वर तीच अचूकता चौथ्या हिश्शावर येते. म्हणून लेहरा मध्य सप्तकात ठेवा, तार षड्जाला जाऊन परत या.

मग अनेक सुरांच्या इंजिनांचा उपयोग काय? तंबोरा. इथे माझं मत पक्कं आहे. दोन मोजण्यांचा आवाज मिसळणाऱ्या इंजिनात दोघींना एकच सूर द्या, आणि एकीला केसभर वर ठेवा. मग त्या हळूहळू एकमेकींपासून सरकतात, टिचकीची रुंदी बदलत राहते, आणि आवाजात मूळ सुरात दडलेले वरचे सूर एकामागून एक उजळून विझतात. जवारी लावलेल्या तारेची आठवण व्हावी असा तो आवाज असतो. एका बिटातून! पण तंबोरा आणि श्रुतींमधला लेहरा दोन्ही एकाच यंत्रावर एकदम हवे असतील तर इंजिनातला सुरांचा तक्ता स्वतः बदलावा लागेल, आणि ते असेंब्ली (मशीन कोड लिहायची भाषा) न येणाऱ्याला वाढदिवसाच्या आत जमायचं नाही. सोपी वाट ही: तंबोरा आधी इंजिनावर वाजवून फोनवर रेकॉर्ड करून ठेवा, समारंभाला तो फोनवरून सोडा आणि स्पेक्ट्रमवर नुसता बीपचा लेहरा. ही लबाडी असेल तर असू दे.

वाढदिवस किती दिवसांवर आहे आणि तुम्हाला प्रोग्रॅमिंग किती येतं, यावर बाकीचं अवलंबून आहे. आठवडा असेल तर शुद्ध बेसिक. महिना असेल तर 949 चा तक्ता. त्याहून जास्त असेल तर बीपोला उघडून खेळा, पण लेहरा त्यावर टाकू नका.

आणि यातलं काहीही करण्याआधी वीज. स्पेक्ट्रमला 9 व्होल्ट डीसी लागतात आणि त्याच्या पिनेचं मधलं टोक ऋण असतं. आजच्या बहुतेक अडॅप्टरांचं मधलं टोक धन असतं, पिन मात्र तशीच दिसते आणि चपखल बसते. मी एकदा घाईत राउटरचा अडॅप्टर लावला. एक बारीक ‘टक’, गरम बेकेलाइटसारखा वास, आणि पुढचे दोन महिने एका मेमरी चिपच्या शोधात. मीटर लावून टोकं तपासल्याशिवाय पिन घालू नका. जुना मूळ अडॅप्टर मिळाला असेल तर तोही भार न देता मोजाल तेव्हा 9 पेक्षा जास्त दाखवेल, घाबरू नका. आतले जुने कपॅसिटर बदलून घेतले तर उत्तम.

प्रोग्रॅम भरायला कॅसेट प्लेअर हवाच असं नाही. फाइलचा वेव्ह आवाज करून फोनमधून साध्या वायरने इअरच्या भोकात सोडा. आवाज जवळजवळ पूर्ण, आणि फोनमधले बास-बिस वाढवणारे सगळे खेळ बंद. एमपी3 नको, त्यात कडा बोथट होतात. कडेला आधी लाल-आकाशी जाड पट्टे, मग निळे-पिवळे बारीक पट्टे दिसले की समजा गाडी रुळावर आहे. समारंभात आतला स्पीकर पुरणार नाही. मागच्या माइकच्या भोकातून वायर काढून छोट्या अँप्लिफायरला द्या. वरचे सूर थोडे कमी करा, म्हणजे बिटाची धार जाऊन लेहरा बासरीकडे झुकतो.

पिन तपासून झाली की यंत्र टीव्हीला लावा आणि पडद्यावर खाली 1982 आणि सिंक्लेअर रिसर्चची ओळ येते का ते बघा. ओळ आली तर मामांची पट्टी विचारून घ्या आणि मला कळवा, चंद्रकंसचा तक्ता त्या पट्टीत काढून देतो. ओळीऐवजी काळे-पांढरे चौकोन आले तर लगेच बंद करा आणि चौकोनांचा फोटो पाठवा.